सायकलवरचे खोटे ओरखडे

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कामोठ्यातील एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, बावन्न वर्षांच्या, विवाहित आणि कायम नोकरीत असलेल्या एका इसमाने कपाटाच्या चावीने एका निष्पाप सायकलवर हल्ला केला. सायकल त्याच्याच मालकीची होती. हल्ला पूर्वनियोजित होता. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे तो सपशेल फसला.

तो इसम मी. गुन्हा कबूल आहे. पण शिक्षा सुनावण्याआधी माझी बाजू ऐकून घ्यावी, कारण त्या सायकलचा रंग माझ्याइतका जिवापाड कोणी जपला नसेल आणि तो जपण्यापायी मी जे केलं तेवढं खोटं मी नोकरीतल्या तीस वर्षांत मिळून बोललो नसेन.

सुरुवात माझ्या थोरल्या भावापासून. आम्ही मूळ करावे गावचे. थोरल्या भावाला आमच्याकडे दादूस म्हणतात. शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा घरटी एकाला कारखान्यात नोकरी मिळाली आणि आमच्या घरची ती नोकरी दादूसने घेतली. वीज कंपन्यांना लागणारी लोखंडी कपाटं तिथे बनायची. दादूस रंगखात्यात होता. हातात स्प्रे गन, समोर साखळीला लटकून येणारं कपाट, आणि रंग एकच, करडा. तीस वर्षं त्याने करडा मारला. त्याच्या नखांच्या कडा करड्या, कानाच्या पाळ्या करड्या. रविवारी आंघोळीनंतर टॉवेलवरसुद्धा करडी बोटं उमटायची. तो खोकायचा तेव्हा रुमालात काय दिसायचं हे वहिनी कुणाला सांगायची नाही.

निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याला जिना चढवेना. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, पांढऱ्या उजेडावर धरला आणि आम्हाला फुप्फुसं दाखवली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण दादूस बारकाईने बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "एकसारखा कोट बसलाय रं. कुठे ओघळ नाय." आम्ही दोघंही हसलो. वहिनी हसली नाही. डॉक्टरांनी तिला परत आत बोलावून सांगितलं होतं की हे बरं होणारं नाही, आणि फार तर वर्ष-दीड वर्ष.

हे कळल्यावर दादूसने काय केलं? माळ्यावर गंजत पडलेली माझी कॉलेजातली सायकल खाली काढली. जुनी, जड, पोलादी फ्रेमची.

"काय करतोस?" मी विचारलं.

"रंगवतो."

"कशाला?"

"तीस वर्ष करडा मारला. एकदा मना पायजे तो रंग मारून बघतो."

गच्चीवर त्याने पंधरा दिवस काम केलं. धडधाकट होता तेव्हा हेच काम दोन दिवसांत उरकलं असतं. फ्रेम घासायची, दहा मिनिटं कठड्याला टेकून बसायचं, पुन्हा घासायची. गंज काढला, अस्तराचा राखाडी प्रायमर मारला, पाणी लावून पॉलिश पेपर फिरवला, मग रंग, मग वरून पारदर्शक लॅकर. रंग त्याने निवडला मोरपंखी. उन्हात हिरवा दिसतो, सावलीत निळा, आणि तिरप्या उजेडात आपल्याला काहीतरी ठाऊक असल्यासारखा चमकतो. नवे टायर, नवी चेन, नवी सीट मी आणली. शेवटचा बोल्ट आवळून झाला तेव्हा तो सायकलच्या शेजारी जमिनीवरच बसला. त्याचे ओठ तिच्या रंगाचे झाले होते.

मग त्याने ती मला दिली, आणि त्याबरोबर एक काम दिलं. ते काम नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

"हे बघ बारक्या," तो म्हणाला, "आमची कपाटं टेंपोत चढायची आन जायची. कुठं जायची, उन्हापावसात रंग टिकला का, कुठं उडला, मना कधी कोनी सांगला नाय. तीस वर्षांत एक मानूस परत येऊन बोलला नाय. ही तू वापर. रोज वापर. रविवारी इथं घेऊन ये आन मना सांग. माझा हात कसा होता त्ये मना एकदा कलू दे."

एवढंच त्याला हवं होतं, जाण्याआधी.

जपायच्या सूचनाही त्याने दिल्या, पण फक्त दोन. ब्रेकची वायर जिथे फ्रेमला घासते तिथे पारदर्शक चिकट प्लास्टिकचा तुकडा लावायचा. आणि चेन आपटते त्या मागच्या दांड्याला जुनी ट्यूब कापून गुंडाळायची. "बाकी काय नको करू," तो म्हणाला. "बाकी रस्त्याला बघू दे."

मी हो म्हणालो आणि सायकल टेंपोत घालून घरी आणली.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. गावच्या नवरात्रातल्या नाटकांत मी वीस वर्षं कामं केली आहेत. दोन ओळींची भूमिका मिळाली तर मी दहा मिनिटं रंगमंचावर असायचो. थोडक्यात काही करणं मला जमत नाही. दादूसने एक तुकडा सांगितला होता, मी अख्खा रोल आणला. मोबाइलच्या काचेवर लावतात तसलं पारदर्शक प्लास्टिक, पण जाड. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेतला, प्लास्टिक गरम करून ताणलं, साबणाच्या पाण्याने सरकवलं, ए टी एमच्या कार्डाने बुडबुडे काढले. वरचा दांडा, खालचा दांडा, उभा दांडा, चाकं धरणारे पुढचा आणि मागचा चिमटा, सगळं झाकलं. खालच्या दांड्यावर दोन थर लावले, कारण चाकाने उडालेली खडी तिथेच लागते. मागच्या दांड्याला ट्यूब गुंडाळली आणि ट्यूबला ओरखडा पडू नये म्हणून तिच्यावर कापडी पट्टी गुंडाळली.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, आता हिला ताप आला तर थर्मामीटर कुठे लावणार?"

मुलगी म्हणाली, "बाबा, आजीच्या सोफ्याचं प्लास्टिक तुम्हीच हसत हसत फाडलं होतं ना?"

पहिल्या सकाळी मी हेल्मेट घातलं आणि सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो. समोरच्या रस्त्याचं काम चालू होतं. एक डंपर खडी सांडत गेला. त्यातला एक खडा टणकन गेटच्या पत्र्यावर आपटला आणि पत्र्यावरचा रंग उडून नाण्याएवढं लोखंड उघडं पडलं. मी त्या डागाकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि मागे वळलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गेटपर्यंतही गेलो नाही. चौथ्या दिवशी हॉलच्या भिंतीला दोन हूक ठोकले, सायकल टांगली आणि वर चादर टाकली.

खडीचं मी निमित्त केलं. खरं कारण असं, की तिच्यावर पहिला ओरखडा पडला की तो बुजवायला दादूस नसणार हे मला दिसत होतं. तो रंग पुन्हा कोणी मिसळणार नव्हता. छटा त्याने स्वतः अंदाजाने घोटली होती आणि उरलेला रंग गच्चीतच वाळून गेला होता. त्याचे दिवस जात होते ते माझ्या हातात नव्हतं. सायकल होती, मग मी सायकल धरून ठेवली.

पण रविवार यायचा तो यायचाच.

पहिल्या रविवारी मी स्कूटरने करावेला निघालो. गावाच्या तोंडाशी भाजीवाल्यांच्या मागे स्कूटर लावली. डिकीतून सायकलवाल्यांचं जाळीदार हेल्मेट काढून हातात घेतलं. पाण्याची बाटली शर्टावर ओतली. पँटचा उजवा पायचा मोज्यात खोचला. दोन उड्या मारून दम लावून घेतला आणि धापा टाकत दादूसच्या खोलीत प्रवेश केला. प्रेक्षागृहात एकच माणूस होता, पण प्रवेश दमदार झाला.

दादूसचा चेहरा उजळला. "चालवत आलास?"

"कामोठ्यापासून! बेलापूरच्या चढावर जीव गेला."

"कुठं हाय?"

"तळ्याजवळ खांबाला कुलूप लावून ठेवलीय. तुझ्या गल्लीत इतक्या गाड्या लागल्यात, कोणीतरी घासलं असतं."

हे त्याला पटलं. रंगाची काळजी ही आमच्यातली एकमेव गोष्ट होती जिच्यावर तो प्रश्न विचारत नसे. तो उशीला टेकला आणि म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. पुलाखाली खडी उडाली, खालच्या दांड्याला लागली, काही झालं नाही.

"केवढी खडी?"

"हरभऱ्याएवढी."

"जोरात होतास?"

"उतारावर होतो."

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. हरभऱ्याएवढी, उतारावर, काही झालं नाही. इतका सुखी चेहरा मी त्या वर्षात त्याचा दुसरा पाहिला नाही. आणि खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला. अशी दाद मला नवरात्रात कधी मिळाली नव्हती.

निघताना वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "भावजी, सायकल चालवल्यावर घाम पाठीला येतो. तुमच्या फक्त पोटाला आलाय."

मी पोटावरचा ओला शर्ट चिमटीत धरून झटकला.

"भाजीवालीने स्कूटर बगितली. मी नाय सांगनार. पन पुढच्या वेळी पाठ भिजवा."

पुढच्या रविवारी मी पाठ भिजवली.

असे पाच महिने गेले. दर आठवड्याला मी नव्या बातम्या घेऊन जायचो. एका मोटरसायकलवाल्याचं हँडल घासलं, काही झालं नाही. पामबीच रस्त्याच्या बाजूला कुंपणाच्या तारेला लागली, पुसल्यावर रेघ गेली. मी रंगात आलो होतो. पण एकदा मला वाटलं की सगळंच निर्दोष सांगितलं तर संशय येईल. चांगल्या नटाने थोडं अडखळायला हवं. म्हणून मी म्हणालो, "पुढच्या चिमट्यावर मात्र एक टवका उडालाय. तांदळाएवढा."

दादूसने डोळे उघडले. "कशानं?"

"खडीने."

"आत काय दिसतं? प्रायमर का लोखंड?"

मी एवढा विचार केला नव्हता. "लोखंड," म्हणालो.

त्या रविवारी तो चहा अर्धाच प्यायला. दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. "काय सांगितलंव तुमी यांना? झोपत नाय. लोखंड दिसतं म्हंजे प्रायमर धरला नाय, चिमटा नीट घासला नाय, हात थरथरला म्हनून राहिला, असं बोलत बसतात. बोलून दम लागतो. दम लागला की घाबरतात. काय तो तांदूल, त्यो परत घ्या."

मी त्याच संध्याकाळी गेलो आणि सांगितलं की जवळून बघितलं तर प्रायमरच होता, उजेडामुळे लोखंडासारखा दिसला. दादूस म्हणाला, "असंल." पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

मग श्वासाचं यंत्र घरात आलं. पलंगाच्या बाजूला फ्रीजच्या भावंडासारखं उभं असायचं आणि दिवसरात्र घुरघुरायचं. त्याची नळी दादूसच्या नाकात. गालावर सरकू नये म्हणून पांढऱ्या चिकटपट्टीने धरलेली. नळी संडासापर्यंत पोचायची आणि खोलीच्या दारापर्यंत. दाराच्या पलीकडचं जग संपलं होतं. आता तो एका दमात चार शब्द बोलायचा आणि त्यांची निवड विचार करून करायचा.

एका रविवारी मी माझी बातमी सुरू केली, तर त्याने हात वर केला.

"सायकल आत आन."

"दादूस, ती तळ्याजवळ..."

"पुढच्या रविवारी. आत. बघायची हाय." श्वास घेतला. "टवकापन."

माझ्याकडे सहा दिवस होते. सायकल पाच महिने भिंतीवर चादरीखाली होती, दुकानातल्यापेक्षा कोरी. तिच्यावर पाच महिन्यांचा प्रवास मला आता करवायचा होता. एक हँडल घासल्याची खूण, काही बारीक ओरखडे आणि तांदळाएवढा टवका, ज्यात प्रायमर दिसतो, लोखंड नाही.

आधी प्लास्टिक काढलं. पुन्हा ड्रायर. रंग जसा होता तसा खाली निघाला, ओला वाटावा असा. शनिवारी दुपारी, सोसायटी जेवून झोपली असताना, मी सायकल पार्किंगमध्ये नेली आणि खिशातून कपाटाची चावी काढली. हा तो हल्ला, ज्याची बातमी सुरुवातीला दिली.

चावी टेकवली, डोळे मिटले आणि ओढली. चर्र आवाज आला. डोळे उघडले तर एक पांढुरकी रेघ. अंगठ्याने पुसली, तर रेघ गेली. पुन्हा ओढली, जोरात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. चावीचा दात वाकला, रंग तसाच.

वरच्या बाल्कनीतून सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज आला. "अहो, कुणाच्या सायकलवर राग काढताय?"

"माझ्याच!"

"मग चालू द्या," म्हणून ते आत गेले.

मग मी स्क्रूड्रायव्हर आणला. त्याने मात्र गेलं. दोन ओरखडे वरच्या दांड्यावर, एक खालच्या. प्रत्येकाला माझ्या तोंडातून असा आवाज निघत होता की वॉचमन उठून आला, बघितलं आणि परत जाऊन बसला. टवक्यासाठी पाना घेतला. चिमट्यावर हलकेच मारला, काही नाही. जरा जोरात, काही नाही. मग मी तोंड दुसरीकडे वळवून दाणकन मारला. टवका उडाला. तांदळापेक्षा मोठा, वालाएवढा. पण आत प्रायमर होता. लोखंड नव्हतं. मी तिथेच पार्किंगच्या फरशीवर बसलो आणि त्या राखाडी ठिपक्याकडे बघत राहिलो. प्रायमर लोखंडाला घट्ट धरून होता. दादूसचा हात थरथरला नव्हता.

रविवारी सकाळी सायकल टेंपोने करावेला नेली, गोधडीत गुंडाळून. मी केलेल्या खोट्या ओरखड्यांना वाटेत खरे ओरखडे येऊन मिळू नयेत म्हणून. हे मी तेव्हा अगदी गंभीरपणे केलं, याची नोंद घ्यावी. तळ्यापाशी उतरलो, पाठ आणि पोट दोन्ही भिजवलं आणि सायकल ढकलत गल्लीतून आत नेली.

दादूस पलंगाच्या कडेला बसला होता. वहिनीने त्याला धुतलेला शर्ट घातला होता, कोणी पाहुणा येणार असावा तसा. मी सायकल त्याच्या गुडघ्यांना टेकवून उभी केली. खिडकीतून उजेड येत होता, रंग हिरवा दिसत होता.

त्याने हात ठेवला. मागच्या दांड्यावरची ट्यूब चाचपली, वर गुंडाळलेली कापडी पट्टी चाचपली, तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात जरा हसल्यासारखा दिसला. मग बोटं वरच्या दांड्यावर सरकली आणि ओरखड्यावर थांबली. नखाने त्याची खोली बघितली. मग खालच्या दांड्यावरचा. मग चिमट्यावरचा टवका. त्यावर तो बराच वेळ होता.

मग त्याने पुढच्या टायरवर अंगठा फिरवला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, मिश्यांसारखे, रस्त्यावर दोन दिवसांत झिजून जातात. ते सगळे जागच्या जागी उभे होते. ओरखडे, टवका, सगळं मी लक्षात ठेवलं होतं. टायर विसरलो होतो.

"खडी खालून येते," दादूस म्हणाला. श्वास. "ह्ये वरून आलंय." श्वास. "पाना मारलास."

मी उभा होतो. शर्टातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"एकदापन नाय?" त्याने विचारलं.

"गेटपर्यंत," मी म्हणालो. "दोनदा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो सायकलकडे बघत राहिला आणि त्याचे खांदे खाली आले. पाच महिने मी त्याला दर रविवारी भरवलं होतं ते सगळं एका क्षणात काढून घेतलं गेलं होतं. हरभऱ्याएवढी खडी नव्हती, उतार नव्हता, मोटरसायकलवाला नव्हता. त्याच्या हाताबद्दल त्याला काहीच कळलेलं नव्हतं, आणि आता कळायला पाच महिने उरले नव्हते. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "दादूस, चावीने गेला नाही रे."

त्याने मान वर केली. "काय?"

"आधी चावीने करून बघितलं. तीनदा. गेलाच नाही. चावी वाकली. म्हणून स्क्रूड्रायव्हर घेतला."

"कुठली चावी?"

"कपाटाची. ही बघ." मी खिशातून काढून दाखवली.

त्याने वाकलेला दात उजेडात धरला. उलटसुलट करून बघितला. "आन पाना? कितींदा?"

"तीन वेळा. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन मारला तेव्हा उडाला."

त्याने चावी पलंगावर ठेवली. "त्ये काय खरं नाय," म्हणाला. "ब्लेड आन."

"कशाला?"

"कंपनीत पास करायचे तसं." तो थांबला, नळीतून दोन श्वास घेतले. "ब्लेडनं चौकटी. वर पट्टी. फर्रकन ओढायची. रंगाचा कन निघाला तर माल परत."

वहिनी बाहेर ओट्यावर भांडी घासत होती. मी कपाटातून दाढीचं ब्लेड काढून त्याला दिलं. ज्या रंगासाठी मी दोन थर प्लास्टिक लावलं होतं, त्या खालच्या दांड्यावर माझ्या भावाने माझ्यासमोर ब्लेड टेकवलं आणि सहा रेघा उभ्या मारल्या, सहा आडव्या. हात अजिबात हलला नाही. उभं राहायला त्या माणसाला आधार लागायचा, पण रेघा पट्टीने आखल्यासारख्या आल्या. बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक जाळी. मी ओठ चावून बघत होतो.

"पट्टी," तो म्हणाला.

औषधांच्या डब्यात बघितलं. चिकटपट्टीचा रोल संपला होता, नुसता पुठ्ठा. "मी दुकानातून आणतो, दोन मिनिटं..."

तो थांबला नाही. गालावरची पट्टी नखाने उचलली आणि सर्रकन ओढून काढली. गालाची कातडी लाल झाली. नळी नाकातून निसटून छातीवर लोंबली आणि तिथे नुसतीच फुसफुसत राहिली. त्याने पट्टी जाळीवर ठेवली, अंगठ्याने चारही बाजूंनी दाबली, दाबता दाबता त्याचे ओठ निळे पडायला लागले. मी नळी उचलायला गेलो, त्याने कोपराने मला ढकललं. मग पट्टीचं टोक धरून झटक्यात ओढली.

उजेडात धरली. मीही वाकलो. पट्टीवर त्याच्या गालाचे दोन-तीन पांढरे केस होते. रंगाचा एक कण नव्हता. जाळीतला एकही चौकोन हलला नव्हता.

दादूस हसला. मोठ्याने हसायला त्याच्याकडे हवा नव्हती, तोंड उघडं ठेवून नुसता हलत होता, आणि खोकला आला, आणि खोकल्यातही तो पट्टी माझ्यापुढे नाचवत होता. आवाज ऐकून वहिनी ओल्या हातांनी धावत आली. तिने नळी पकडून त्याच्या नाकात घातली, हाताने गालावर दाबून धरली. तो मात्र तिला पट्टी दाखवत होता. "बघ... कोरी... कन नाय..."

तिने पट्टी बघितली. सायकलवरची जाळी बघितली. वालाएवढा टवका, चावी, ब्लेड, माझा भिजलेला शर्ट. मग त्याचा लाल गाल. आणि ती ओरडली, इतक्या मोठ्याने की गल्लीतला रेडिओ कोणीतरी बंद केला:

"लोखंडाला खरचटू नये म्हनून दोगं भाव येवडं करताव, आन तीस वर्ष सोताच्या तोंडावर एक फडका बांधाला काय झालेलं तुमाला?"